तिनं धरलेला खोटा नेम

शाळा चौथीपर्यंत शिकलो, त्यामुळं सरळच लिहितो. चाळिशीत माझी मर्दानगी गेली. रातचं काही जमेना. असलं कुणी लिहीत न्हाई. पण बायको जाऊन अजून वर्ष झालं न्हाई, आणि तिच्याबद्दल लिहायचं तर हे टाळून लिहिता येत न्हाई.

आम्ही दोघं आठवडी बाजारात भांडी विकायचो. मुखेड, नायगाव, सगळे बाजार आमचे. ती गिऱ्हाइकाशी बोलायची, मी पातेल्यावर टिचकी मारून आवाज ऐकवायचो. घरी एक लेक आणि माझी आई. आईला नातू पाहिजे होता.

माझं असं झाल्यावर मी अंगणात बाज टाकून झोपायला लागलो. उकडतंय म्हणायचो. थंडी पडली तरी उकडतंयच. बाजारात तंबूवाला वैद बसायचा, त्याची पूड गुपचूप खाल्ली. पोट तेवढं जळालं. गिऱ्हाइकांवर ओरडायचो, जेवण जाईना. वाटायचं, ही आता माहेरी जाईल, आणि गेली तर मी कोणत्या तोंडानं आणायला जाऊ?

तिनं एका शब्दानं विचारलं न्हाई. आईनं मात्र तिलाच विचारलं, पापड लाटायला जमलेल्या चार बायकांसमोर.

"माझा लेक थंडीत बाहेर कुडकुडतोय. तुझ्यातच काय खोट हाय का ग बाई? त्याचं दुसरं करून देऊ का?"

मी दारात भांड्यांचं गाठोडं उतरवत होतो. वाटलं, आता ही खरं सांगणार आणि गावात माझं हसं होणार.

लाटणं न थांबवता ती म्हणाली, "आत्याबाई, मी माहूरच्या रेणुकामाईचा नेम धरलाय. नेम सुटेस्तोवर नवऱ्याजवळ जायचं न्हाई अन् पायात चप्पल घालायची न्हाई."

"कशापायी?"

"तुमच्या नातवापायी."

एक बाई फिसकन हसली. "नवऱ्याजवळ न जाता नातू कसा गं व्हायचा?"

"आधी नेम, मग नातू. तुला लई घाई!"

देवीचं नाव ऐकून आईनं हात जोडले.

असला काही नेम नव्हताच. पण दुसऱ्या दिवसापासून ती खरंच अनवाणी. उन्हाळ्यात बाजारातली जमीन अशी तापायची की ती एका पायावरून दुसऱ्यावर भार देत डबे विकायची. मी म्हणालो, "अगं, इथं कोण बघतंय? घाल की चप्पल."

"देवी बघतीया. तिचं नाव घेऊन खोटं बोलले. आता तुमी डाक्टरला दाखवा, म्हंजे माझा नेम सुटंल."

"मला काय झालंय?"

"मला काय ठाऊक? मी काय डाक्टर हाय?"

तिच्या टाचा बघवेनात, म्हणून दोघं नांदेडला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास? मी म्हणालो, पोट जळतंय.

तिनं पदर सावरला. "पोट न्हाई, डाक्टरसाहेब. ह्यांचं रातचं जमंना झालंय. अन् हे पाणी लई पितेत, लघवीला सारखं उठतेत."

मी मान खाली घातली. डॉक्टर हसले न्हाईत. रक्त तपासलं तर साखर भरमसाट. म्हणाले, साखरेनं असं होतं, लई जणांना होतं, आणि मन खचलं की आणखी बिघडतं. हे दुखणं आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी त्याला माझी लायकी समजून बसलो होतो.

माहूरला जाऊन तिनं नेम सोडला. गड उतरताना मी विचारलं, "देवीला काय बोललीस?"

"म्हटलं, माय, तुझ्या नावानं झाकलं, माफ कर. पुन्हा वेळ आली तर पुन्हा झाकीन."

गोळ्या चालू झाल्या. सगळं पहिल्यासारखं झालं असं न्हाई. कधी जमायचं, कधी न्हाई. न्हाई जमलं की ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, बाजार काय रोज भरतोय व्हय?" आई ऐकंल म्हणून आम्ही तोंडावर पांघरूण घेऊन हसायचो. नातू काही झाला न्हाई. आई शेवटपर्यंत देवीलाच बोल लावत राहिली.

पण मी पुन्हा आत झोपायला लागलो होतो. जमो न जमो, तिचा हात माझ्या छातीवर असायचा. आता लातूरला लेकीकडं राहतो. लेकीनं चांगली मऊ गादी दिलीय. झोप लागत न्हाई.