माग नसलेली वसाहत

ट्रक निघाला तेव्हा बाबा मागे, मागाच्या लाकडांवर बसले होते. पुराने मौद्याजवळचं आमचं विणकरांचं गाव धुऊन नेलं होतं, आणि सरकार आम्हाला दूर माळावरच्या नव्या वसाहतीत नेत होतं. पाणी चढतंय हे वरच्या गावांना आदल्या दिवशीच कळलं होतं. आम्हाला सांगायला कुणी आलं नाही. माझी धाकटी बहीण शांता त्या पुरात गेली.

वसाहतीतल्या खोल्या पक्क्या, खाली सिमेंटची जमीन. आमचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसतो. विणकर त्यात पाय सोडून तो चालवतो. बाबा पहार घेऊन खड्ड्यासाठी जमीन फोडायला लागले. वसाहतीचे सरकारी साहेब जीपमधून आले. सरकारी घराची नासधूस केली तर खोली काढून घेऊ, म्हणाले. बाबांनी आवाज न चढवता विचारलं, "साहेब, घर देऊन राहिले, मंग पोटावर पाय काहून देऊन राहिले?"

धोरण वरून ठरलंय, असं साहेबांनी सांगितलं. वर जे कोण बसले होते त्यांनी कधी माग तरी पाहिला होता का?

त्या हिवाळ्यात मागाची लाकडं चुलीत गेली आणि आम्ही नागपुरात आलो. बाबा तिथल्या नंदनवन भागात बांधकामावर चौकीदार झाले. मी शिकले, शिक्षिका झाले. आता माझ्या तोंडी ड्यूटी, ट्रान्सफर असले शब्द असतात, विणकामातले हरवले. आमच्याबरोबर आलेली काकू मात्र वसाहत सोडून परत नदीकाठी गेली, तिने माग मांडला. तिच्यामागून आणखी घरं गेली.

पुढे नागपुरातल्या एका सभेत एका पाहुण्या अधिकाऱ्याने आमच्या वसाहतीचे फोटो दाखवले. गरीब देशांनी घ्यावा असा नमुना, म्हणे. मी उठले. अर्ध्या खोल्यांना कुलपं आहेत, आणि नदीकाठच्यांना पुराची खबर द्यायची सोय अजून नाही, असं सांगितलं. ते लोक तिथे बेकायदा राहतात, एवढंच उत्तर मिळालं. म्हणजे बेकायदा माणसाला पाणी येतंय हेही सांगायचं नाही. त्या उत्तराचा मला राग आला. आजही तो राग उतरलेला नाही.

नदीकाठी परतलेले तुम्ही, आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, विचारता की तुझं घर आता कोणतं. रेडिओवर वरच्या भागात मोठा पाऊस झाल्याचं ऐकलं की मी शाळेत रजा टाकते आणि मौद्याची एसटी पकडते. काकू हसते. "कायले आली वं? पाणी अजून लांब हाय." मी तिला मागावरून उठवतेच, मग शेजारच्या दारी जाते. माझं घर म्हणजे आता पाण्याच्या आधी पोचायचं गाव.