न्यायवाली

धनजच्या बौद्धपुऱ्यात भागिरथाबाईला सगळे न्यायवाली म्हणायचे. तिच्या मनाला मात्र ते नाव कधी पटलं नाही.

सुरुवात झाली त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात. शेजारच्या इंद्रभान आणि शालिग्राम या भावांचं न्हाणीच्या सांडपाण्यावरून वर्षभर बोलणं बंद होतं. एकाच्या न्हाणीचं पाणी दुसऱ्याच्या अंगणात जातं, एवढीच गोष्ट, पण काठ्या निघायची वेळ आली होती. भागिरथाबाई मागून आणलेली चाळणी परत द्यायला गेली, तर तिथं दोघांचं कडाक्याचं जुंपलेलं. शालिग्रामच्या बायकोनं तिला धरून बसवलं, तुमीच ऐका म्हणाली. भागिरथाबाईनं ऐकलं, पण तिच्या डोक्यात काही शिरेना. कोणाची भिंत, कुठला उतार, कुठला चर? शेवटी ती कंटाळून म्हणाली, "मले काई समजून नाई राह्यलं. पाणी जाते तरी कुठून, दाखवा बरं."

दोघे भाऊ तिला दाखवायला उठले. दाखवता दाखवता चराजवळ वाकले, एकानं दगड उचलला, दुसऱ्यानं फावडं आणलं. सांजेपर्यंत पाणी मागच्या नालीत सोडून मोकळे झाले. भागिरथाबाई चाळणी ठेवून घरी आली. दुसऱ्या दिवशी पुऱ्याभर बोलणं झालं, भागिरथाबाईनं भांडण मिटवलं.

तिचा नवरा जानराव कारंजाच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, आठवड्यानं घरी यायचा. तिनं त्याला सांगितलं की मी काहीच केलं नाही. तो कौतुकानं हसला आणि तीच गोष्ट बस स्टँडवर चार जणांना सांगून आला.

मग बोलावणी येऊ लागली. कुठं सासू-सुनेचं, कुठं बांधावरच्या आंब्याचं. निघताना तिला धास्ती वाटायची. आज आपलं पितळ उघडं पडणार, आज कोणीतरी म्हणणार की या बाईला काय कळतं! तिथं जाऊन ती समजलं नाही तेवढं विचारायची. बऱ्याचदा भांडण मिटायचं. तुळसाबाईच्या मुलांचं मिटलं नाही, ते वेगळे झाले ते झालेच. तेव्हा तरी लोक तिला सोडतील असं तिला वाटलं. पण लोकांनी दोष मुलांनाच दिला. याचं तिला फार कोडं पडलं. मिटलं की नाव माझं आणि बिघडलं की दुसऱ्याचं, हा कुठला हिशोब?

अशात किन्हीराजाहून ग्यानबाचं बोलावणं आलं. भागिरथाबाईचं माहेर तिथलंच. ग्यानबाची मुलगी हिरी सासरहून परत आली होती आणि दोन्हीकडची माणसं बसणार होती. भागिरथाबाईनं एसटीतच ठरवलं, आज सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं.

तिला सतरंजीवर पुढं बसवलं. सासरचे म्हणत होते पोरगी कामाला आळशी, माहेरचे म्हणत होते तिला जाच आहे. भागिरथाबाई हात जोडून म्हणाली, "मले यातलं काई कळत नाई. आजवर ज्याचं त्यानंच मिटवलं, नाव फुकट माझं झालं."

मग ग्यानबा मान डोलावत म्हणाला, "पाहा, याले म्हणतात मोठं मन."

तिला रडूच यायचं राहिलं. खरं सांगितलं तरी कोणी खरं धरेना, मग माणसानं करावं काय? पाणी पिण्याच्या निमित्तानं ती आत गेली. हिरी चुलीपाशी गुडघ्यात मान घालून बसली होती. भागिरथाबाई तिच्या बाजूला टेकली. बाहेरच्या बोलण्यातून तिला खरंच काही उमगलं नव्हतं.

"तू काहून आली वं, माय?"

हिरीनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळूच म्हणाली, "शेतातल्या झोपडीत ठेवलं मले. दिसभर मानूस दिसत नाई. परवा मी बैलासंग बोलून राह्यली होती. मले भेव वाटलं, येडी होतो का काय."

भागिरथाबाईनं तिला विचारून तेच बाहेर जाऊन सांगितलं. सासरा म्हणाला, एवढंच? पण जावई खाली मान घालून म्हणाला की झोपडीत त्यालाही करमत नाही, बापापुढं बोलायची हिंमत नव्हती. कापूस घरात आला की दोघांनी गावात राहायला यायचं ठरलं. सासरा धुसफुसत का होईना, हो म्हणाला.

एसटीपर्यंत पोचवायला हिरी आली. भागिरथाबाईनं तिला सरळ विचारलं, "मी काय केलं, तू तरी सांग."

"तुमी इचारलं. मले कोनीच नव्हतं इचारलं."

"इचारनं काय काम हाय का?"

तेवढ्यात एसटी आली आणि भागिरथाबाई चढली. कारंजा येईपर्यंत ती तेच घोळवत राहिली. ज्याला समजत नाही त्यानंच विचारावं, हे काय शहाणपण झालं? आणि शहाणपण नसेल, तर पोरीचं तोंड उघडलं कसं?

पुढच्या महिन्यात पुऱ्यातल्याच चतुराबाईच्या घरून निरोप आला. धास्ती वाटलीच. पण या वेळी आपण न्यायवाली नाही, हे सांगण्यात तिनं वेळ घालवला नाही. बसल्या बसल्या म्हणाली, "मले लवकर समजत नाई. दहादा इचारीन. चालन का?"

चालन, घरचे म्हणाले. मग तिनं पदर खोचला आणि पहिल्यापासून सांगायला लावलं.