थेंबेमास्तरांची डबल बेल

थेंबेमास्तरांचं आडनाव थेंबे नव्हतं. ते त्यांना बसडेपोने चिकटवलं होतं, आणि इतकं घट्ट बसलं होतं की पगाराच्या दिवशी कुणी खरं नाव पुकारलं तर तेच मागे वळून बघायचे, कुणाला हाक मारतायत म्हणून. बत्तीस वर्षं त्यांनी बस चालवली आणि त्या बत्तीस वर्षांत डिझेलचा एक थेंब वाया गेलेला कुणी पाहिला नाही. कुणाची बस एका लिटरला किती धावली याची यादी दर महिन्याला डेपोच्या फळ्यावर लागायची. दुसऱ्या नंबरसाठी हातघाई व्हायची. पहिल्या नंबरावरचं नाव एकदाच रंगाऱ्याकडून रंगवून घ्या, खडू तरी वाचेल, असं वर्कशॉपमधली मंडळी म्हणत.

त्यांची बायको त्यांच्याच बसची कंडक्टर. पहिली पाच वर्षं ती फक्त बसची कंडक्टर होती, मग संसाराचीही झाली. नोकरी सुटली तरी तिच्या बोटांतली घंटा काही सुटली नाही. बाहेर निघायची वेळ झाली की ती दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक करी. डबल बेल, म्हणजे सुटा. जेवताना मास्तरांचा हात तिसऱ्यांदा पातेल्याकडे गेला की टेबलावर एकच टक. म्हणजे थांबा. मास्तर निमूट थांबत.

आणि एक होता ठोकळा. डेपोतल्या प्रत्येक बसच्या अ‍ॅक्सिलरेटरखाली लाकडाचा एक ठोकळा ठोकलेला असे, काडेपेटीहून थोडा मोठा. पाय कितीही दाबा, पॅडल ठोकळ्याला टेकलं की खेळ संपला. त्यापुढे इंजिनाच्या अंगात काय दडलंय ते इंजिनाला ठाऊक आणि घडवणाऱ्याला ठाऊक. बाकीचे ड्रायव्हर त्या ठोकळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. मास्तरांचा पाय तिथवर जायचाच नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी वर्कशॉपच्या मेस्त्रीने त्यांच्या बसचा ठोकळा काढला, त्याला छान पॉलिश केलं आणि पुष्पगुच्छाऐवजी तोच त्यांच्या हातावर ठेवला. सगळे पोट धरून हसले, मास्तरही हसले. घरी आल्यावर मात्र ठोकळा मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. उभी हयात पॅडलवर पाय ठेवला आणि पॅडलचा तळ काही पाहिला नाही, असं त्यांच्या मनात आलं.  बायकोने ते न सांगताच ओळखलं.

त्यांना एकुलती एक मुलगी. दातांची डॉक्टर. लहानपणी शाळा सुटली की ती बापाच्या बसमध्ये, इंजिनाच्या गरम झाकणाशेजारच्या सीटवर बसून त्यांचे गिअर टाकणारे हात बघत घरी यायची. त्या वेडाने पुढे भलतंच रूप घेतलं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिने शाईसारख्या निळ्या रंगाची, जमिनीला पोट टेकवून बसलेली, तीनशे घोड्यांच्या ताकदीची एक जुनी पण खणखणीत मोटार घेतली. सहा गिअरांची. इंजिन सुरू झालं की अंगणातल्या बादलीतलं पाणी थरथरायचं. पहिला आठवडा ती दवाखान्यात पेशंटच्या तोंडात आरसा धरूनही गाणं गुणगुणत होती म्हणे.

मग पेट्रोल बोलायला लागलं. तिचे दवाखाने दोन, शहराच्या दोन टोकांना, आणि मधे सिग्नलच सिग्नल. गाडी लिटरला सहा किलोमीटरसुद्धा कुरकुरत देत होती. दर चौथ्या दिवशी टाकी कोरडी. तीन महिन्यांनी ती बसने जाऊ लागली आणि गाडी अंगणात कापडाखाली झोपली. एका शनिवारी रात्रीच्या जेवणाला तिने सांगून टाकलं की उद्या पाच वाजता गिऱ्हाईक येतंय. बोलताना तिने ताटातून मान वर केली नाही. लिटरला बारा दिले असते तरी पोसली असती, एवढंच म्हणाली.

मास्तरांचा घास हातात राहिला. लेकीचा असा आवाज त्यांनी ती सायकलवरून पडून दात तुटला होता तेव्हा ऐकला होता, त्यानंतर नाही.

"बारा ना?" ते म्हणाले. "मग उद्याची सकाळ मला दे."

"चार वर्षं स्टिअरिंगला हात लावला नाहीत," बायको म्हणाली.

"हात विसरला असेल. पायाला मी रजा दिली नव्हती."

बायकोने तिथेच नियम घालून दिले. कंडक्टरच ती. पंपावर टाकी काठोकाठ भरायची, घाट चढून माथ्यावरच्या मनोऱ्यापर्यंत जायचं, परत त्याच पंपावर येऊन पुन्हा भरायची. जाऊन येऊन शहाण्णव किलोमीटर. आठ लिटरच्या आत भरली तर गाडी राहिली, नाही तर पाच वाजता गिऱ्हाईक. लेकीने मान डोलावली. बारा म्हणजे बारा, हे मायलेकींचं एकमत झालं.

सकाळी सातला पंपावरच्या माणसाने टाकी भरली. मास्तर खुर्चीत खाली, खाली, आणखी खाली गेले. बसमध्ये ते रस्त्यावर राजासारखे बसत. इथे रस्ता त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला. बाजूला लेक, मागे बायको, पाय मुडपून आणि पर्स छातीशी धरून. मास्तरांनी किल्ली फिरवली.  मग मागून सीटवर दोन टकटक आल्या आणि गाडी निघाली.

शहराच्या पहिल्या सिग्नलला लेकीला पहिला धक्का बसला. बापाने दोनशे मीटर आधीच पाय उचलला होता. गाडी आपली आपण घरंगळत गेली आणि ते पोचायला आणि दिवा हिरवा व्हायला एकच गाठ पडली. दुसरा सिग्नल तसाच. तिसराही. ती असती तर तिथवर उसळत गेली असती आणि करकचून थांबली असती. "इथेच सांडतेस तू," मास्तर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "लाल दिवा काय पळून जाणार आहे?" मात्र हिरव्यावर निघताना ते मुळीच रेंगाळले नाहीत. चटचट गिअर टाकत चौथ्या, पाचव्या, सहाव्यावर गेले आणि मग झोपलेल्या बाळाच्या पोटावर हात ठेवावा तसा पाय ठेवून राहिले. समोरच्या पडद्यावर सरासरीचा आकडा शहर संपता संपता अकरावर आला. लेक सीटवर सरळ बसली.

घाट सुरू झाला. चढावर आकडा घसरला, दहावर, साडेनऊवर. मास्तर बधले नाहीत; चढाने नेलं ते उतार देतो, म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी निराळंच उगवत होतं. वळणं येत होती आणि ब्रेकला पाय लागत नव्हता. बस वळवायची म्हणजे अख्खं घर वळवायचं. ही गाडी त्यांनी नुसतं वळणाच्या पलीकडे पाहिलं की निघालीच. बाहेरून आत, आतून बाहेर, वेग तसाच धरून. जो वेग ब्रेकने मारायचा नाही, तो पुन्हा पेट्रोल जाळून उभा करावा लागत नाही, हे ते बत्तीस वर्षं नव्या पोरांना शिकवत आले होते. तो मारायचा नाही यात एवढी मजा आहे हे मात्र त्यांना आजच कळत होतं. सातव्या वळणावर ते स्वतःशीच हसले. नवव्यावर लेकही हसायला लागली. मागून बायकोने विचारलं, काय झालं हसायला, आणि उत्तर यायच्या आत दहाव्या वळणावर तीही पर्ससकट खिडकीकडे सरकून हसली.

माथ्यावरचा मनोरा आला. गाडी वळवली आणि उतार लागला, आणि इथे थेंबेमास्तरांनी डेपोचा खास मंत्र काढला. गिअर काढून गाडी न्यूट्रलवर सोडली. जुने ड्रायव्हर साहेबांची नजर चुकवून हेच करत.

"बाबा, पडद्यावर बघा," लेक म्हणाली. एका कोपऱ्यात, या क्षणी किती पेट्रोल जातंय ते दाखवणारी बारीकशी पट्टी होती. ती हलत होती. इंजिन नुसतं जागं राहायला पेट्रोल पीत होतं. "आता गिअरमध्ये टाका आणि पाय उचला."

त्यांनी गिअर टाकला. पट्टी विझली. इंजिनाने गाडी आवरून धरली होती, चाकं इंजिनाला फिरवत होती, आणि पेट्रोल शून्य. मास्तरांनी पुन्हा गिअर काढला. पट्टी आली. पुन्हा टाकला. गेली. असं चार वेळा केलं. उभ्या आयुष्याचा मंत्र त्या बोटभर पट्टीने खोटा पाडला होता. दुसरा एखादा खट्टू झाला असता. मास्तरांनी स्टिअरिंगवर थाप मारली.

"म्हणजे साहेब बरोबर होते," ते म्हणाले. "त्यांना हे सांगायला हवं होतं. बिचारे घसा फोडून गेले."

उतार संपला तेव्हा पडद्यावरचा आकडा पावणेतेरावर होता. शिल्लक भरपूर. पुढे शहरापलीकडच्या पंपापर्यंत सपाट रस्ता, आणि त्यात एक तुकडा असा की दोन्हीकडे उघडं माळरान, चार पदरी, सरळ, समोर चिटपाखरू नाही. मास्तर साठवर चालले होते. असेच गेले असते तर गाडी राहिली होती, पैजच जिंकली होती. त्यांचा पाय मात्र अस्वस्थ होता. त्यांनी एकदा समोर पाहिलं, एकदा आकड्याकडे, आणि नजर पुन्हा रस्त्यावर आणली.

मागे पर्सची चेन उघडली. बायकोने काढलं ते काय, हे त्यांना दिसलं नाही. ऐकू आलं. सीटच्या पाठीच्या प्लॅस्टिकवर लाकूड आपटलं. खणखणीत, दोनदा.

मास्तरांनी आरशात पाहिलं. बायकोच्या हातात पॉलिश केलेला ठोकळा होता.

"अहो, तो आता माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "तुमच्या पायाखाली नाही. जा."

थेंबेमास्तरांनी गिअर खाली घेतला, तिसऱ्यावर, आणि बत्तीस अधिक चार वर्षांत पहिल्यांदा पॅडल तळाला नेऊन टेकवलं.

तीनशे घोडे एकदम उठले. माळरान मागे फेकलं गेलं, तिघांच्या पाठी सीटला चिकटल्या, इंजिनाचा आवाज पोटातून चढत टाळूला भिडला, आणि मास्तरांच्या घशातून असा काही सूर निघाला की लेकीने आधी दचकून आणि मग डोळे पुसत त्यांच्याकडे पाहिलं. पाटीवर लिहिलेल्या वेगमर्यादेला काटा टेकला तेव्हा त्यांनी पाय उचलला. सगळं मिळून सहा-सात सेकंद.

गाडी हळूहळू शांत झाली.  आणि मागून पुन्हा दोन ठोके आले.

"आई," लेक म्हणाली, "पैज."

"कंडक्टर कोण आहे?"

तिसरे दोन ठोकेही आले. त्यानंतर माळरानच संपलं, नाही तर बाईंनी टाकीचा तळ दाखवला असता.

पंपावर सकाळचाच माणूस होता. नळी टाकीत गेली, मीटर पळू लागला. पाच, सहा, सात. साडेसातला मास्तरांनी डोळे मिटले. आठ आला आणि मीटर थांबला नाही. मग खट्ट आवाज झाला. आठ पूर्णांक एक. चहाच्या कपाएवढं जास्त.

लेकीने मनातल्या मनात भागाकार केला. बाराहून थोडं कमी. मास्तर मान खाली घालून गाडीच्या निळ्या टपावर हात फिरवत राहिले. बत्तीस वर्षांत फळ्यावर त्यांचा आकडा कधी चुकला नव्हता. आज चुकला होता, आणि चुकला तो लेकीच्या गाडीचा.

बायको पुढे आली. डेपोच्या चौकशीत उभी राहायची तशी ताठ. बेल कंडक्टरने दिली होती, म्हणाली. बेल झाल्यावर गाडी सुटली तर जबाब कंडक्टर देतो, ड्रायव्हरला कुणी विचारायचं नाही. तो कपभर माझ्या नावावर लिहा.

लेक दोघांकडे बघत होती. मग तिने पर्समधून फोन काढला आणि पाचच्या गिऱ्हाइकाला सांगितलं की येण्याची तसदी घेऊ नका, गाडी विकायची नाही. का, असं त्याने विचारलं असावं, कारण ती हसत म्हणाली, "आमचं पेट्रोल कुठे सांडत होतं ते सापडलं. आणि कुठे उडवायचं तेही."

फोन ठेवून ती ड्रायव्हरच्या दाराशी आली. "सरका बाबा. घरापर्यंत मी. तुम्ही माझ्या पायाकडे बघा आणि चुकले की बोला."

मास्तर गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. पट्टा लावला. लेकीने आरसे नीट केले, किल्ली फिरवली आणि थांबली. मास्तरांनी हात मागे केला. बायकोने त्यात ठोकळा ठेवला.

पुढचा सिग्नल दोनशे मीटरवर होता आणि लाल होता. लेकीची नजर आत्ताच त्यावर होती. मास्तरांनी ठोकळा उचलला आणि डॅशबोर्डवर दोनदा वाजवला.