जुनं पार्टिशन

आज लॅपटॉपवर विंडोज नव्यानं टाकताना पडद्यावर पार्टिशनं दिसली आणि लोहाऱ्याचं आमचं घर आठवलं. माझे वडील आबा आणि काका शेताच्या वाटणीपासून बोलत नव्हते. घरात पार्टिशन म्हणजे तहसिलातली ती वाटणीच; दुसरा अर्थच नव्हता.

तरी एकदा काकांचा मुलगा महेश आमच्या कंप्युटरवर विंडोज टाकायला आला. खोलीत तापलेल्या धुळीचा वास सुटला होता. त्यानं मोठ्यानं विचारलं, "ताई, जुनं पार्टिशन डिलीट करू का?"

मी काही बोलायच्या आत ओसरीवरून आबांचा आवाज आला, "कर रं बाबा. लई दिस झालं. तुज्या बापालाबी सांग."

महेश हसला नाही. "व्हय आबा, सांगतो," म्हणाला.

डिलीटच्या या बटणाची लोकांना धास्ती वाटते. मला अजून हायसं वाटतं.