विमानतळावरचा शेंदूर

निजामाच्या अखेरच्या वर्षांत नांदेडबाहेरच्या माळावर विमानतळ झाला. झाला म्हणजे माळ होता तोच राहिला. बाभळी तोडल्या, दगड वेचले आणि वेचलेल्यातले मोठे दगड चुना फासून दोन्ही कडांना परत मांडले. सोयी म्हणाल तर पत्र्याची एक खोली, पाण्याचा रांजण आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. तिला लोक झबलं म्हणत. याखेरीज मन्मथआप्पा.

मन्मथआप्पा अहमदपूरकडचा. गळ्यात लिंग, हातात चुन्याची बादली. सरकारी भाषेत तो आरजी, म्हणजे तात्पुरता होता. विमान आलं तर आलं. एरवी तो म्हशी हाकलायचा. धावपट्टीचा खरा उपयोग म्हशींनाच कळला होता. तरी रोज सकाळी रांजण विसळून भरायचा. न आलेल्या प्रवाशांनासुद्धा शिळं पाणी द्यायचं त्याला पटत नसे.

शेजारच्या शिवारातल्या केवळाबाईचा बैल एकदा हरवला. सगळीकडं शोधला, आणि सापडला तो धावपट्टीच्या पहिल्या दगडाला अंग घाशीत. केवळाबाईनं दगडाला शेंदूर लावला, नारळ फोडला. मन्मथआप्पानं त्यावर पुन्हा चुना मारला आणि दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. गावाला पुरावा मिळाला. खरं तर त्यालाही मिळाला. तेव्हापासून त्या दगडाकडं त्यानं बादली नेली नाही; येता-जाता हात मात्र जोडू लागला.

मग हैदराबादेहून हुकूम आला. बड्या साहेबांचं विमान गुरुवारी उतरणार. पट्टी वरून नीट दिसली तर मन्मथआप्पा नोकरीत कायम. नाही दिसली तर खोली रिकामी करायची. पट्टी कुठं सुरू होते हे वैमानिकाला कळायचं ते पहिल्या दगडावरून. तो पांढरा हवा होता, आणि तो तर देव होऊन बसला होता.

अहमदपूरला परत जावं असं कुणी उरलं नव्हतं. मन्मथआप्पा केवळाबाईकडं गेला. देव लिंबाखाली न्यावा, तिथं सावलीही आहे, असं त्यानं भीत भीत सुचवलं. ती म्हणाली, मला काय विचारता, त्यालाच विचारा. म्हणजे कौल लावायचा.

बुधवारी ऊन उतरल्यावर बायका जमल्या. दगडाच्या माथ्यावर ओलं फूल ठेवलं. उजवीकडं पडलं तर देव हलायला राजी, डावीकडं पडलं तर नाराज. फूल बराच वेळ जागचं हललं नाही. मग झबलं फुगलं, वारा आला आणि फूल डावीकडं पडलं.

मन्मथआप्पानं फूल उचलून दगडाच्या पायाशी ठेवलं, आणि भांडी बांधायला घेतो म्हणून खोलीकडं वळला.

केवळाबाई दगडाकडं बघत राहिली. "आप्पा, ह्याचं तोंड कुणीकडं हाय?"

दगडाला तोंड असेल ही शंका तोवर कुणाला आली नव्हती.

"ठावं न्हाई, मावशी," तो म्हणाला. खोटं बोलायची इतकी चांगली संधी त्याला पुन्हा मिळणार नव्हती.

"आपल्याकडंच असंल की. तुम्ही रोज हात जोडून राहिले, अन् त्यो पाठ करून बसंल व्हय? आपली डावी ती त्येची उजवी. उचला."

बायकांनी माना डोलावल्या. दगड लिंबाखाली गेला, त्याच्या जागी दुसरा आला, आणि त्याला मन्मथआप्पानं चुन्याचे हात कमी पडू दिले नाहीत.

गुरुवारी विमान उतरलं. साहेबांनी पट्टीबद्दल काही म्हटलं नाही, रांजणातलं पाणी मात्र दोनदा मागितलं. मन्मथआप्पा कायम झाला.

पुढं तिथून उडणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो आधी लिंबाखाली नेई. तिथून निघालेलं एकही विमान पडलं नाही, असं तो सांगायचा. फार विमानं निघालीच नाहीत, हे सांगायची त्याला कधी गरज वाटली नाही. देवाचं तोंड तेवढं केवळाबाईनं पत्र्याच्या खोलीकडं करून बसवलं होतं.