वायरीवर नाचणारा माणूस

आमच्या घरातल्या एका खोलीला मी स्टुडिओ म्हणतो. घरचे तिला गाद्यांची खोली म्हणतात. तिथं गाणं रेकॉर्ड केलं की खरखर यायची. म्हणून ऑनलाइन मागवलेली माझी सोनेरी पिनांची माइकची केबल घेऊन शेलूबाजारला, लग्नांत साउंड लावणाऱ्या एका माणसाकडे गेलो. त्याचं नाव मी विचारलं नाही, त्यानंही माझं.

त्यानं केबल माइक आणि ॲम्प्लिफायरला जोडून जमिनीवर पसरली, चपला काढल्या आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं तिच्यावर नाचायला लागला. स्पीकर खरखरला.

"वरातीत दोन पावलं नाई टिकत हे," तो म्हणाला.

मग कोपऱ्यातली चिखलानं माखलेली जाड काळी वायर जोडली आणि तिच्यावर चक्क नागीण डान्स केला. स्पीकरनं हूं की चूं केलं नाही. तीच गुंडाळून त्यानं माझ्या हातात दिली.

"आवाज गोड येईल ना?" मी विचारलं.

"वायर आवाज नेते भाऊ, गोड नाई करत. ते तुमचं तुमी पाहा."

घरी येऊन गायलो, रेकॉर्डिंग लावलं. खरखर साफ गेली होती. पहिल्यांदाच मला माझं गाणं स्वच्छ ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी सोनेरी पिनांची केबल परत लावली.