चौकातली चूक

मुर्री गावच्या पार्वताबाई साठीनंतर अक्षरे शिकल्या आणि भजनमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज स्वतःची ओवी लिहू लागल्या. देव भाव पाहतो. मंडळातल्याच अल्काने मात्र काना-मात्रा पाहिल्या आणि ग्रुपवर साऱ्यांसमोर चुका दाखवल्या. ओवी थांबली. हा झरा कायमचा आटला तर, या धास्तीने अल्का त्यांच्या चुलीपाशी हात जोडून उभी राहिली.

"चुकलं माझं, मावशी. लिहा ना."

पार्वताबाईंनी शिजत्या भातावरून नजर काढली नाही.

"चूक चौकात काढली, अन् माफी चुलीपाशी मागून राहिली काय वं?"

अल्काने तिथेच मोबाइल काढला आणि ग्रुपवर, सर्वांदेखत, माफी लिहिली. पार्वताबाईंनी ती अक्षर अक्षर लावून वाचली, पदराला हात पुसले आणि लिहायला मोबाइल जवळ ओढला.